विमान धरायचं कुठे?

"मराठी विभागात या वर्षी लेख कमी आलेत, तू एक दे," असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मी आधी हसलेच. माझी शाळा कॉन्व्हेंट. ऱ्हस्व-दीर्घाची आणि माझी मैत्री कधी झालीच नाही. पण ज्या विषयावर लिहायचं ठरलं त्याबद्दल मी आजोबांशी नेहमी मराठीतच बोलत आले आहे, त्यामुळे तो इंग्रजीत लिहायला गेले तर मला खोटं वाटलं असतं. तेव्हा मित्र-मैत्रिणींनो, चुका पोटात घाला आणि वाचा.

विषय आहे प्लॅस्टिकचं छोटं विमान जोडणं आणि रंगवणं. उडणारं नाही हं! नुसतं शोकेसमध्ये ठेवायचं 'स्केल मॉडेल'. आमच्या विंगमध्ये या उद्योगाला 'हिची भातुकली' म्हणतात. म्हणू देत. पण मशीन ड्रॉइंग आणि मटेरियल सायन्स या दोन्ही पेपरांत मिळून मी जेवढं शिकले नाही, तेवढं या वीतभर विमानाने शिकवलं.

माझं विमान होतं मिग-२१. प्रकार 'एफएल', कारखान्यातलं नाव 'टाइप ७७'. मिग-२१ आपल्या हवाई दलात १९६३ साली आलं. त्याची बांधणी भारतातच व्हावी म्हणून नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना निघाला, १९६४ साली. माझे आजोबा तिथे पंखांच्या जोडणीवर होते. ते अजूनही त्या विमानाला 'सत्त्याहत्तर' असंच म्हणतात, जशी आपण वर्गातल्या एखाद्याला रोल नंबरने हाक मारतो तसं. 'एफएल' २०१३च्या डिसेंबरमध्ये निवृत्त झालं आणि शेवटच्या मिग-२१ 'बायसन'ना २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला निरोप दिला गेला. त्या दिवशी आजोबांच्या हातात त्यांचं सत्त्याहत्तर द्यायचं, असा माझा बेत होता.

'हातात' हा शब्द मी मुद्दाम वापरला. आजोबांना काचबिंदू आहे. आता त्यांना उजेड-अंधार कळतो, बाकी फार नाही. म्हणजे हे विमान ते बघणार नव्हते, चाचपणार होते. आणि मॉडेल बनवण्याचा पहिला नियम असा, की रंगवलेल्या भागाला हात लावायचा नाही! या लेखात जे काही आहे ते या एका भांडणातून आलेलं आहे.

आधी थोडं गणित

माझं किट १:७२ या प्रमाणातलं होतं. खऱ्या विमानाच्या पंखांचा पसारा ७.१५ मीटर. भागिले ७२ म्हणजे जेमतेम १० सेंटिमीटर. इथपर्यंत सोपं आहे. पण हेच गणित उलटं करून बघा. आपल्या डोक्याचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. तो ओल्या रंगात पडला तर गुणिले ७२, म्हणजे खऱ्या विमानावर ५ मिलिमीटर जाडीचा दोर चिकटल्यासारखा दिसेल. ब्रशने रंगाचा जाड थर दिला तर खऱ्या विमानावर गिलावा केल्यासारखं होईल. आणि अंगठ्याचा ठसा? खऱ्या विमानावर तो दीड मीटर लांबीचा होईल. एवढा अंगठा कुणाचा असतो?

म्हणून या कामात मुख्य प्रश्न 'रंग कोणता' हा नसतो. मुख्य प्रश्न असतो 'धरायचं कुठे'. त्याचं उत्तर रंगाची डबी उघडायच्या आधी तयार पाहिजे.

आंघोळ

किटचे भाग प्लॅस्टिकच्या फ्रेमला जोडलेले येतात. साच्यातून ते सुटावेत म्हणून साच्याला तेलकट पदार्थ लावलेला असतो, त्याचा अंश भागांवर राहतो. त्यावर रंग धरत नाही. त्यामुळे फ्रेम सुटी करण्याआधीच भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवायची आणि पंख्याखाली वाळवायची. फडक्याने पुसायची नाही, कारण फडक्याचे धागे राहतात. हॉस्टेलच्या बेसिनला जाळी नसेल तर बादलीत धुवा. माझं एक बारीक चाक गटारात गेलंच होतं, मैत्रिणीने टॉर्च धरला म्हणून सापडलं.

भाग फ्रेमपासून पिरगाळून तोडू नका. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांकडे निपर असतो तो मागून आणा. भागापासून थोडं लांब कापा, उरलेला खुंट ब्लेडने तासा, मग पाण्यात बुडवून वॉटर पेपर मारा. आधी ४००, मग ६००, मग १००० नंबर. घाई करून ४०० वरच थांबलात तर चांदीच्या रंगाखाली प्रत्येक ओरखडा हसत बसतो.

ग्लू नव्हे, वेल्डिंग

किटचं प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. त्याचा खास सिमेंट फेविकॉलसारखा चिकटवत नाही, तो दोन्ही कडा विरघळवतो. विरघळलेल्या कडा एकमेकींत मिसळतात, द्रावक उडून जातो आणि सांधा एकजीव होतो. वर्कशॉपमधल्या वेल्डिंगचाच हा थंड अवतार. पातळ सिमेंट लावताना भाग आधी जुळवून धरायचे आणि फटीला ब्रशचं टोक नुसतं टेकवायचं. केशाकर्षणाने सिमेंट आपोआप फटीत पळतं.

पण ते जसं फटीत पळतं तसंच तुमच्या बोटाखालीही पळतं! सांध्यावर बोट असेल तर बोट आणि प्लॅस्टिक यांच्यामधली जागा हीसुद्धा एक फटच. बोट उचललं की खाली तुमचे फिंगरप्रिंट कोरलेले. म्हणून धडाचे दोन अर्धे भाग रबरबँड आणि मास्किंग टेपने बांधायचे, बोटं सांध्यापासून लांब ठेवायची आणि टेपच्या मधल्या जागांतून सिमेंट सोडायचं.

अर्धे भाग बंद करण्याआधी दोन गोष्टी विसरू नका. एक, कॉकपिट आतून रंगवून घ्या. सोव्हिएत विमानांच्या कॉकपिटचा रंग एक विशिष्ट निळसर हिरवा असतो. दुसरी, नाकात वजन भरा. मिगला नाकाखाली एक आणि पंखांखाली दोन अशी तीन चाकं असतात. गुरुत्वमध्य मागच्या चाकांच्या पुढे राहिला पाहिजे, नाहीतर विमान शेपटीवर बसतं. मी नाकातल्या शंकूत लहान नट ठासले. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समधला 'मोमेंट'चा धडा मला त्या दिवशी समजला, दोन वर्षं उशिरा.

मूठ कुठे बसवायची

आता मूळ मुद्दा. जेट विमानाचं एक बरं असतं, मागे एक्झॉस्टचं भोक असतं. त्यात मी चायनीजच्या गाडीवरची चॉपस्टिक टेप गुंडाळून घट्ट बसवली. झाली मूठ. त्यानंतर रंगकाम संपेपर्यंत विमानाला हात लावायचा नाही, चॉपस्टिकलाच लावायचा. भोक नसलेलं विमान असेल तर चाकं जिथे बसतात त्या खळग्यात कपड्यांचा चिमटा अडकवता येतो.

बारीक भागांसाठी आमच्या खोलीत जगातला सगळ्यात स्वस्त स्टँड मिळतो, तो म्हणजे उदबत्तीची जळून उरलेली काडी. काडीच्या टोकाला डबल टेपचा तुकडा लावायचा आणि चाक, चाकाची झडप, इंधनाची टाकी जे असेल ते त्यावर चिकटवायचं. जिथे टेप लागेल ती बाजू नंतर सांध्यात लपणारी हवी. तिथे रंग लागला तरी खरवडून काढायचा असतो, कारण सिमेंटला प्लॅस्टिक लागतं, रंगावर लावलेला सांधा रंगासकट निघून येतो.

काड्या खोचायच्या कशात? सगळे थर्माकोल वापरतात. पण थर्माकोल म्हणजेही पॉलिस्टायरीनच, त्यावर सिमेंट सांडलं की त्याचं विवर होतं. मी मेसच्या मावशींकडून अर्धा बटाटा मागून आणला. तो जड असतो, कलंडत नाही आणि काडी घट्ट धरतो. फक्त तिसऱ्या दिवशी बदलायचा. मी पाचव्या दिवशी बदलला आणि माझी रूममेट दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मोडण्यासारखं जे आहे ते शेवटी लावायचं. मिगच्या नाकापुढे एक लांब दांडी असते, पिटो ट्यूब. हवेचा दाब मोजून वेग सांगण्यासाठी. किटमधली प्लॅस्टिकची दांडी शंभर टक्के मोडते. ती, चाकांच्या झडपा आणि अँटेना मी कागदी पाकिटात घालून वर नाव लिहून ठेवले. विमानाच्या जोडणीत किती भाग आहेत यापेक्षा कोणता भाग कधी लावायचा हे महत्त्वाचं, हे आजोबांचं म्हणणं.

वाळलं म्हणजे झालं, असं नाही

आधी राखाडी प्रायमर. त्याची कामं दोन. रंगाला पकड देणं आणि तुमची लबाडी उघड करणं. सांध्यातली फट, राहिलेला ओरखडा, सगळं राखाडीत स्पष्ट दिसतं. मग पुट्टी, पुन्हा वॉटर पेपर, पुन्हा प्रायमर.

त्यावर चांदीचा इनॅमल रंग. ऑटोमोबाइल क्लबच्या मुलांनी एअरब्रश आणि छोटा कंप्रेसर उसना दिला. रंग दुधाइतका पातळ केला, दाब १५ ते २० पीएसआय. फवारा विमानाच्या बाहेर सुरू करायचा, विमानावरून न्यायचा आणि बाहेरच थांबवायचा. विमानावर थांबलात की तिथे ओघळ आलाच. हे काम खोलीत करू नका. मी गच्चीवरच्या शेडमध्ये केलं. थिनरची वाफ डोकं चढवते आणि पेटतेसुद्धा. चोरून मॅगी करायची कॉइल शेजारी चालू असेल तर रेक्टर सरांच्या आधी फायर ब्रिगेड येईल. धुळीचा साधा मास्क वाफ अडवत नाही, कार्बनच्या फिल्टरचा मास्क लागतो.

आता नीट ऐका. सगळ्या मुलींना नेलपेंट माहीत आहे. नेलपेंट वाळतं ते त्यातला द्रावक उडून जातो म्हणून. वरून वाळलेलं वाटतं, आपण झोपतो आणि सकाळी नखांवर चादरीची नक्षी उमटलेली असते. कारण वरचा थर आधी कोरडा होतो आणि खालचा द्रावक त्याच्याखाली अडकून राहतो.

इनॅमलचं प्रकरण याहून लांबलेलं असतं. त्यात जवस किंवा सोयाबीनसारख्या तेलांपासून केलेलं रेझिन असतं. पहिल्या टप्प्यात थिनर उडतं, त्याला काही तास पुरतात. दुसऱ्या टप्प्यात रेझिन हवेतला ऑक्सिजन घेऊन आपल्या साखळ्या एकमेकींत गुंतवतं. हा टप्पा काही दिवस चालतो, पावसाळ्यात आणखी रेंगाळतो. ऑक्सिजन वरून येतो, म्हणून साय आधी वरच धरते. थर जाड असेल तर दुधावरच्या सायीसारखं होतं, वर घट्ट आणि खाली ओलं. म्हणून एका जाड थरापेक्षा तीन पातळ थर बरे. आणि मधल्या अवस्थेत, साय धरलेली पण खालचं कच्चं असताना, वर दुसरा थर मारलात तर नव्या थिनरने खालचा थर फुगतो आणि सुरकुत्या पडतात. एक तर काही तासांच्या आत मारा, नाहीतर पूर्ण पक्का झाल्यावर.

पक्का झाला हे ओळखायचं कसं? बोट लावून नाही! 'वाळलं का गं?' असं विचारत बोट टेकवणारी व्यक्ती प्रत्येक हॉस्टेलमध्ये असते. वास घ्या. थिनरचा वास येतोय तोपर्यंत रंग कच्चा. वास गेल्यावरही मी आणखी दोन दिवस थांबते. थांबते म्हणजे, आता थांबते.

१८ सप्टेंबरची रात्र

त्या रात्री विमान चांदीचं झालेलं होतं आणि इतकं सुंदर दिसत होतं की काय सांगू! रंग देऊन तीस तास झाले होते. वास येत होता, थोडासा. मला ते ट्यूबलाइटखाली सगळ्या बाजूंनी बघायचं होतं. चॉपस्टिक मधे येत होती. मी ती काढली आणि विमान डाव्या पंखाला धरून उचललं.

अंगठा उचलला तेव्हा पंखावर माझं आधार कार्डच उमटलं होतं.

चांदीच्या रंगात ही चूक ब्रशने झाकता येत नाही. त्या रंगात ॲल्युमिनियमचे बारीक चपटे कण असतात. फवाऱ्यात ते सपाट, एका दिशेने बसतात, म्हणून धातूसारखी झळाळी येते. ब्रश फिरवला की ते वाटेल तसे बसतात आणि तो ठिगळाचा डाग वेगळा दिसतो. योग्य उपाय असा होता: आठवडाभर थांबायचं, रंग पक्का होऊ द्यायचा, २००० नंबरच्या वॉटर पेपरने ठसा घासून सपाट करायचा आणि पूर्ण पंखावर नवा फवारा द्यायचा.

पण २६ तारखेला आठच दिवस होते. रूममेट म्हणाली, "रिमूव्हर लाव ना, नेलपेंटसारखं." रात्रीचे दोन वाजले होते. मला ते पटलं. कापसाच्या बोळ्याने मी ठसा पुसला. रंग निघाला, आणि त्याखालचं प्लॅस्टिकही निघालं! नेलपेंट रिमूव्हरमध्ये ॲसिटोन होतं आणि पॉलिस्टायरीनला ॲसिटोन विरघळवतो. हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे. मार्कही मिळालेत. पंखावरची पत्र्याच्या जोडाची कोरीव रेघ साबणासारखी वितळली आणि जागा पांढरट, चिकट झाली.

त्या रात्री मी रडले. विमानासाठी नाही, आजोबांना फोन करावा लागणार म्हणून.

२६ तारखेला सकाळी त्यांना फोन केला आणि सांगितलं की विमान तयार नाही, माझ्या घाईने बिघडलं. टीव्हीवर चंडीगडचा कार्यक्रम चालू होता, आवाज फोनमधून येत होता. ते म्हणाले, "उघड्या धातूला उघडा हात लावायचा नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. घामात मीठ असतं. आज नुसता ठसा दिसतो, पुढे तिथेच गंज धरतो. तुला सांगायचं राहून गेलं माझं." म्हणजे चूक माझी आणि माफी ते मागत होते. मग म्हणाले, "विमानाला तारीख देऊ नये. ते आपली तारीख आपण सांगतं."

दुसऱ्यांदा, सावकाश

मग मी दिवाळीपर्यंत वेळ घेतला. पंख पूर्ण कोरडा होऊ दिला, पुट्टी भरली, घासला, प्रायमर दिला. वितळलेली रेघ पुन्हा कोरायचा प्रयत्न केला तेव्हा सुई घसरली, म्हणून नाद सोडला. पुन्हा चांदी. यावेळी चॉपस्टिक नऊ दिवस काढली नाही.

नाकाचा शंकू आणि शेपटीचं टोक हिरवं असतं, कारण आत रडार आणि अँटेना असल्याने ते भाग धातूचे नसतात. त्यासाठी मास्किंग टेप लागते. टेप थेट रंगावर लावू नका, आधी तळहातावर दोनदा चिकटवून तिचा जोर कमी करा. काढताना वर ओढू नका, स्वतःवरच दुमडून सावकाश मागे न्या.

कॅनॉपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक काच, फेविकॉलने चिकटवा. फेविक्विकसारख्या ग्लूच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिक धुरकट होतं आणि ते साफ करणं कठीण जातं. तिरंगी चक्रं ही पाण्यातून सरकवायची स्टिकर असतात, ती गुळगुळीत चकचकीत रंगावरच नीट बसतात. खडबडीत रंगावर खाली हवा राहते आणि ती पांढरट चमकते. सगळ्यात शेवटी, एरवी मी दिलं नसतं, पण या विमानाला पारदर्शक वॉर्निशचे दोन थर दिले. चांदीची झळाळी थोडी मंदावली. पण हे विमान हाताळलं जाणार होतं, दिसण्यापेक्षा टिकणं महत्त्वाचं. पिटोची दांडी मी इंजेक्शनच्या सुईची केली आणि टोक कानशीने घासून बोथट केलं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी विमान आजोबांच्या हातात दिलं. त्यांनी आधी ते नाकाजवळ नेऊन वास घेतला. मग बोटं नाकाच्या शंकूवरून मागे, पाठीवरून शेपटीपर्यंत गेली. मग पंख. उजवा पंख, डावा पंख, पुन्हा उजवा, पुन्हा डावा.

"उजवीकडे जोडाची रेघ आहे," ते म्हणाले. "डावीकडे नाही."

मी म्हटलं, "हो. तिथेच झालं ते."

"मग राहू दे," ते म्हणाले. "आमच्याकडे असता तर पास केला नसता." आणि विमान परत देईनात. जेवायला बसेपर्यंत ते त्यांच्या मांडीवर होतं.

तेव्हा मित्र-मैत्रिणींनो, कुणाला करून बघायचं असेल तर माझ्या खोलीत या. निपर, वॉटर पेपर, उदबत्तीच्या काड्या सगळं आहे. बटाटा तुमचा तुम्ही आणा. आणि टेबलावर काही चमकताना दिसलं तर आधी विचारा, धरायचं कुठे!

— टी.ई. मेकॅनिकल, मुलींचे वसतिगृह